रोज एक हिरवं पान

मी घाबरट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. फोन वाजून वाजून बंद झाला आणि पलीकडून कोणी उचलला नाही, की माझ्या डोळ्यांसमोर थेट दवाखानाच येतो. मुलगी शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली तरी मी फाटकाशी जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, तुम्हाला काळजी करायला काही उरलं नाही तर तुम्ही त्याचीच काळजी करत बसाल. तिला हसू येतं. मला येत नाही.

मेहकरला एका शाळेच्या कार्यालयात मी लिपिक आहे. आई धाड गावी राहते, एकटी. वडील गेल्यावर तिला इकडे आणून पाहिलं, दोनदा. दोन्ही वेळा आठवडा संपायच्या आत ती पिशवी भरून पलंगावर बसली. "तुह्या घरी दुपारी दारात कोणी येत नाही बाबू. मी भिंतीशी बोलू काय?" धाडला तिच्या दारात सकाळपासून कोणी ना कोणी असतं. समोर बांगड्यावाल्या चाचीचं घर. मी रांगत होतो तेव्हापासून ते घर समोर आहे, आणि आमच्या घरातल्या बायकांच्या हातात चाचीच्याच बांगड्या असतात.

दोन वर्षांपूर्वी आईला साखर निघाली. डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. गोळ्या चुकवायच्या नाहीत. रोज चालायचं. आणि रोज स्वतःचे पाय पाहायचे, तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या, कुठे खरचटलंय का, फोड आलाय का. साखरेच्या माणसाला पायाला लागलेलं कळत नाही, असं ते म्हणाले होते. मी मान हलवली होती. गोळ्यांसाठी डबी आणली. चालण्यासाठी आईच्या मोबाईलमध्ये ॲप टाकलं. पाय पाहण्यासाठी काहीच केलं नाही. चालणं मोजता येत होतं म्हणून मी चालणं धरलं, आणि जे मोजता येत नव्हतं ते राहून गेलं.

ॲप तसं लहान मुलांच्या खेळासारखं होतं. मोबाईलच्या पडद्यावर एक कुंडी, कुंडीत रोप. दिवसात पाच हजार पावलं झाली की टिणिण् अशी घंटी वाजायची आणि रोपाला एक हिरवं पान फुटायचं. सात दिवस न चुकता चाललं की फूल. एक दिवस चुकला की पान पिवळं, आणि लागोपाठ तीन दिवस चुकलं की रोप सुकून जायचं, पुन्हा पहिल्यापासून. मला त्यातली सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे घरच्या दुसऱ्या माणसालाही ते रोप त्याच्या मोबाईलवर दिसायचं. म्हणजे आईचं रोप मला मेहकरला दिसणार होतं.

सुरुवातीला आईने चेष्टा केली. "चालाले काय मोबाईल लागते? जन्मभर वावरात चालली तवा कोणी पानं देल्ली नाही मले." महिनाभर तिचं रोप पिवळंच होतं. मग आषाढी एकादशी आली, चातुर्मास लागला, आणि तिचा काय तो निर्णय झाला. फोनवर म्हणाली, "यंदा मी तुह्या झाडाचा नेम धरला."

आईचा नेम म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. गल्लीच्या टोकाला उंबर आहे. दर चातुर्मासात ती त्याला रोज सकाळी एक तांब्या पाणी घालायची, एकही दिवस चुकवायची नाही. मी सातवीत असताना तिला टायफॉईड झाला आणि ती अकरा दिवस अंथरुणाला खिळली. ते अकरा दिवस चाचीने पाणी घातलं. मुसलमान बाईने उंबराला पाणी घालावं याचं दोन बायकांना बरं वाटलं नाही, आणि त्या आईला तसं बोलल्याही. आई अंथरुणातूनच म्हणाली, "उंबराले तहान लागते. तांब्या कोणाचा हाय ते त्याले कायले पाहिजे? नेम माहा हाय, तो चालू हाय." कार्तिकात उद्यापन करताना तिने ते अकरा दिवस स्वतःच्या हिशेबात धरले आणि चाचीला साडी नेसवली. त्या वयात मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं, की ती गोष्ट मी नीट लक्षात ठेवायला हवी होती.

आईने नेम धरला आणि रोप बहरलं. मोबाईलसाठी तिने ब्लाऊजपीसची पिशवी शिवली, ती कमरेला खोचून ती पहाटे एसटी स्टँडपर्यंत जायची आणि परत यायची, मग उंबराभोवती फेऱ्या. रात्री मोबाईल देवघरात निरांजनाशेजारी. आठ-साडेआठपर्यंत माझ्या मोबाईलवर घंटी वाजायची, टिणिण्, आणि मी कार्यालयाचं कुलूप उघडता उघडता पान पाहायचो. किती बरं वाटायचं ते सांगता येणार नाही. आई उठली, चालली, ठीक आहे. छातीवरचं ओझं उतरायचं आणि दिवसाला हात घालता यायचा.

एकदा मात्र घंटी वाजली नाही. नऊ झाले, दहा झाले. पावलं किती, तर चाळीस. आईला फोन लावला, उचलला नाही. परत लावला. अकरा वाजले. मी किराणा दुकानदाराला फोन केला, चुलत भावाला केला, शाळेतल्या जुन्या मित्राला केला, जीप चालवणाऱ्या शेजाऱ्याला केला. आईच्या दारात अर्धी गल्ली जमा झाली. जीपवाला तर जीप चालू ठेवूनच आला, पेशंटला न्यायचं म्हणून. आई मागच्या अंगणात गोधड्या धूत बसली होती. चालून आली होती ती, पण मोबाईल घरात चार्जिंगला होता, आवाज बंद करून.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी फोन आला तेव्हा मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबू, तुही छाती अजून धडधडून राह्यली काय?" मी खरं तेच सांगितलं. म्हणालो, "आई, ते पान दिसलं नाही की मला काही सुचत नाही. तेवढं पान दिसू दे, मग बाकी काही नको." ती म्हणाली, "बरं."

हे वाक्य मी बोललो होतो. पुढे कोणाला दोष द्यायची वेळ आली तेव्हा मला ते आठवत राहिलं.

आषाढ संपता संपता मी तिच्यासाठी बूट घेऊन गेलो. चपलांवर चालते, घसरून पडेल, ही माझी नवी काळजी होती. पायाचं माप मी अंदाजाने घेतलं. बूट किंचित घट्ट होते. आई म्हणाली, "बसते, बसते. वापरून सैल होईल." नव्या बुटांत ती अंगणात चालून दाखवत होती, गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मी फोटो काढत होतो.

श्रावण लागला. आणि आईची पावलं वाढायला लागली. आधी पाच हजार, फार तर साडेपाच. आता आठ हजार, नऊ हजार, एके दिवशी बारा हजार. घंटी उशिरा, दहा-अकराला वाजायची, पण आकडा सकाळपासून चढताना दिसायचा, म्हणून पावसामुळे उशिरा निघत असेल असं मी धरून चाललो. ॲपने फुलांचा गुच्छ दिला, सोनेरी पदक दिलं, 'तुम्ही कमाल आहात' असं लिहून पाठवलं. मी ते पदक मुख्याध्यापकांना दाखवलं, शिपायाला दाखवलं, स्टाफरूममध्ये हातोहात फिरवलं. पासष्टीची बाई रोज बारा हजार पावलं चालते, तुम्ही लोक गेटपर्यंत गाडीवर येता, असं वर सुनावलंही.

पूर्वी मी आईला रोज दोनदा फोन करायचो. पान दिसायला लागल्यापासून रोज एकदा, मग एक दिवसाआड, तोही संध्याकाळी. बायको एकदा म्हणाली, "अहो, झाडाले काय पाहता? आईले फोन लावा ना." मी तिला मोबाईल दाखवला. अकरा हजार. म्हणालो, आजारी माणूस अकरा हजार चालतो का?

फोनवर आई थकलेली वाटायची. मी विचारायचो, चालणं चालू आहे ना? ती म्हणायची, "हाव. नेम चालू हाय." त्यात काही खोटं नव्हतं. खोटं बोलली असती तर तिचा आवाज मला लगेच कळला असता, मी बाकी कशात नाही तरी त्या बाबतीत हुशार आहे. पण ती खरंच बोलत होती. मी विचारत होतो एक आणि ती उत्तर देत होती दुसऱ्याचं, आणि दोघांनाही ते समाधानाचं वाटत होतं.

शनिवारी आकडा अठरा हजारांवर गेला. आता मी दुसऱ्या बाजूने घाबरलो. पासष्टीच्या बाईने अठरा हजार चालायचं म्हणजे काय? साखर एकदम उतरली तर? वाटेत चक्कर आली तर? आईला त्या पदकांची चटक लागली, ही माझीच करणी, असं मला वाटायला लागलं. रविवारी सकाळी न सांगता निघालो. तिला आवर घालायचा, पाच हजारांच्या वर एक पाऊल नाही, अशी तंबी द्यायची. चिखलीला गाडी बदलली. पाऊस भुरभुरत होता. वाटेत साडेदहाला मोबाईल पाहिला, चार हजार आठशे. चालतेय अजून, पावसात. मी खिडकीशी चडफडत होतो.

धाडला उतरून गल्लीकडे वळलो आणि अगदी जवळ, डाव्या हाताला, टिणिण् वाजलं. त्याच क्षणी माझ्या खिशातही वाजलं. मी गर्रकन वळलो, आई इथेच आहे म्हणून. आई नव्हती. एका ओट्यावर चाची नुकतीच येऊन बसत होती. बांगड्यांचं गाठोडं अजून सोडायचं होतं, एका सासुरवाशिणीने हात पुढे केलेला. आवाज तिच्या खांद्याच्या झोळीतून आला होता, आणि झोळीच्या तोंडाशी आईने शिवलेली ब्लाऊजपीसची पिशवी दिसत होती.

आईचा मोबाईल दुसऱ्याजवळ. आई कुठे पडली? कोणाला सापडला? चाचीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अरे बेटा! कवा आला?"

"चाची, आई कुठंय?"

"घरी हाय ना. पाय सुजला तिचा, चालनं होत नाही. तं म्हने, तू दिवसभर फिरतच असते, माहा नेम तेवढा झोळीत ठेव. तेरा-चौदा रोज झाले. आता सावन हाय बेटा, पंचमी झाली, राखी आली, गल्ली गल्ली फिरा लागते. काल तं दोन गावं केली." तिने अभिमानाने झोळी थोपटली. "एक बी दिन चुकू देल्ला नाही मी. शामले घरी गेली की पहले तिचा मोबाईल देतो, मंग पानी पितो."

तिच्या चेहऱ्यावर कसलाच अपराध नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. तीस वर्षांपूर्वी तिने उंबराला पाणी घातलं होतं, तसंच हे. मी पळत सुटलो.

आई बाजेवर बसून वाती वळत होती. डाव्या पायाला जुन्या साडीचा फडका गुंडाळलेला, वर हळदीचा पिवळा डाग. मी फडका सोडला तेव्हाच वास आला. करंगळी काळी पडली होती. शेजारचं बोट जांभळं. पायाचा वरचा भाग सुजून चकाकत होता. बुटाने करंगळी घासली होती. तिला ते कळलंच नाही, चार दिवसांनी मोजा ओला लागला तेव्हा दिसलं.

"दुखत नाही बाबू," ती म्हणाली. "दुखत असतं तं सांगतलं असतं. हळद लावून राह्यली मी."

दुखत नाही हेच तर डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्यांच्या समोर बसून मान हलवली होती. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की मी बूट उचलून अंगणात भिरकावले. मग तोच जीपवाला आला, या वेळी खऱ्या कामासाठी, आणि आम्ही बुलढाण्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मला बाजूला घेतलं. दोन बोटं काढावी लागतील, ती वाचत नाहीत, असं सांगितलं. मग आईजवळ येऊन निळ्या पेनाने त्यांनी तिच्या पायावर, लाली जिथे संपत होती त्याच्या जरा वर, घोट्याच्या खाली एक रेघ ओढली. "लाली या रेघेच्या वर चढायला नको. चढली तर पायाचा विचार करावा लागेल."

बोटं दुसऱ्या दिवशी काढली. पण खरे दिवस त्याच्यानंतरचे. पट्टी बदलताना दर वेळी मी ती रेघ पाहायचो. रेघ पुसट झाली की सिस्टर परत गिरवायची. कधी वाटायचं लाली रेघेवर चढलीय, मी सिस्टरला बोलवायचो, ती पाहून म्हणायची नाही, उजेड तसा आहे. मी जागा बदलून, वाकून, चष्मा पुसून पाहायचो. तिसऱ्या दिवशी लाली रेघेला लागली. डॉक्टरांनी औषध बदललं आणि उद्या ठरवू म्हणाले. त्या दिवशी मी जेवलो नाही. आयुष्यभर मी ज्या घाबरण्याला घाबरणं म्हणत आलो, ते काहीच नव्हतं.

त्याच दुपारी, मला राहवलं नाही, मी आईला विचारलं. आवाज चढला माझा. "चौदा दिवस! एक फोन करता आला नाही तुला? कळवलं काऊन नाही?"

आईने आधी शेजारच्या खाटेकडे पाहिलं, कोणी ऐकतंय का म्हणून. मग म्हणाली, "त्या दिवशी मोबाईल चार्जिंगले होता, तं तू अख्खी गल्ली दारात उभी केली. तूच म्हनला ना, पान दिसलं नाही तं मले सुचत नाही. मंग मी म्हटलं, पाय काय, होईल आठ-पंधरा दिवसांत बरा. तवरक याचं पान हिरवं राहू द्या. तुह्या जिवाले उगाच घोर काऊन?"

"अगं, ते तुझ्या साखरेसाठी होतं!"

"माह्या साखरेसाठी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "मी तं तुह्यासाठी चालत होती. तूच म्हनला ना, पान दिसू दे, बाकी काही नको."

मी तोंड वळवून बाहेर गेलो आणि पाण्याच्या टाकीशी जाऊन रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, लोकांसमोर. लाज वाटली नाही.

चौथ्या दिवशी लाली रेघेच्या खाली होती. पाचव्या दिवशी आणखी खाली. डॉक्टर म्हणाले, पाय राहिला. चाची तेव्हा आईसाठी डबा घेऊन आली होती. तिने दोन्ही हात वर केले, आणि मग मोबाईलमधलं सुकलेलं रोप पाहून हळहळली. आम्ही निघालो तेव्हा तिनेच मोबाईल जीपमध्ये आणून दिला होता, तेव्हापासून तो खाटेवरच पडून होता. "मले देऊन ठेवायचा ना बेटा. उगाच सुकलं." मी तिच्या पाया पडलो. दुसरं काय करणार?

ॲप मी काढून टाकलं. आता दर रविवारी धाडला जातो, आणि रोज सकाळी आठला व्हिडिओ कॉल करतो. आई बाजेवर बसते, चाची मोबाईल धरते, आणि आई तिचे पाय मला दाखवते, आधी उजवा, मग डावा. सुरुवातीला तिला ते फार अवघड गेलं. पोराने पाया पडायचं असतं, आईने पोरासमोर तळवा धरायचा नसतो. ती पदराने तोंड झाकून पाय पुढे करायची. आता सवय झाली आहे. टाच, तळवा, बेचक्या, मी एकेक म्हणतो आणि ती एकेक दाखवते. कार्यालयाचं कुलूप उघडायच्या आधी हे होतंच.

परवा डावा पाय पुढे केल्यावर ती एकदम हसायला लागली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मी म्हटलं, आता या नेमाले चाची चालत नाही. तिले पाच बोटं हायेत."

मोबाईल हलायला लागला, चाचीही हसत होती.

मला हसू आलं नाही. "पाय थोडा वर घे," मी म्हणालो, "बेचकी दिसली नाही."